शुद्धिपत्र

नवें पुस्तक हातीं आलें म्हणजे कोणी प्रथम प्रस्तावना वाचतो, कोणी अनुक्रमणिका चाळतो, तर कोणी निर्लज्जपणें शेवटचें प्रकरण उघडतो. आमची खोड निराळी आहे. आम्ही प्रथम शुद्धिपत्र शोधतों. पुस्तकाच्या अगदीं शेवटीं, बहुधा निराळ्या कागदावर छापून घाईघाईनें चिकटविलेलें तें पान आम्हांला ग्रंथकाराच्या सर्व पांडित्यापेक्षां अधिक विश्वासाचें वाटतें. 'पृष्ठ ४२, ओळ ७, अशुद्ध : मरण, शुद्ध : स्मरण' अशा थाटाची एखादी नोंद त्यांत आढळली कीं त्या ग्रंथाविषयीं आमच्या मनांत एकदम आपुलकी उत्पन्न होते. ज्या पुस्तकाला शुद्धिपत्र नाहीं त्यांत चुका नसतात असें नव्हे. त्या कोणी शोधल्या नाहींत, एवढाच त्याचा अर्थ.

ही खोड आम्हांला वडिलांकडून आली. ते पुण्यांतील एका शाळेंत शिक्षक होते, आणि संसाराला हातभार म्हणून रात्रीं एका छापखान्याचीं मुद्रितें तपाशीत असत. जेवणें होऊन मागचें आवरलें कीं ओटीवर काम सुरू होई. दादा, म्हणजे आमचा थोरला भाऊ, मूळ प्रत मोठ्यानें वाची; वडील मुद्रितावर तांबड्या शाईची लेखणी फिरवीत; आणि आम्ही, सर्वांत धाकटे म्हणून, तपासलेलीं पानें क्रमानें लावून ठेवीत असूं. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह, सारें कांहीं दादा खणखणीत उच्चारी. वडिलांचा एक नियम होता. दोन ठिकाणीं फरक दिसला कीं लेखणी टेकण्यापूर्वीं विचारावयाचें, 'मूळ कोणतें?' मूळ कोणतें हें ठाऊक नसतां दुरुस्ती करणारा मनुष्य निम्म्या वेळां बरोबराचेंच चूक करून ठेवतो, असें ते म्हणत. शेहेचाळिसाव्या वर्षीं ते आंतड्याच्या कर्करोगानें वारले. घरांत त्या दुखण्याला 'पोटाचा विकार' एवढेंच नांव होतें.

दोन वर्षांपूर्वीं दादाला तेंच दुखणें झालें. शस्त्रक्रिया वेळेवर झाली आणि रोगाचा भाग निघाला. परंतु त्यामागून आलेल्या तपासणीच्या कागदावर एक वाक्य होतें, त्यानें आमच्या घराचा इतिहासच निराळा करून टाकला. काढलेल्या गांठीच्या पेशींत 'एम.एस.एच.-२' नांवाचें प्रथिन आढळत नाहीं, असें तें वाक्य होतें. डॉक्टरांनीं विचारलें, "तुमच्या वडिलांना काय झालं होतं? त्यांच्या भावंडांना?" दादानें सांगितलें. वडील आंतड्याच्या दुखण्यानें गेले. आत्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं गर्भाशयाच्या कर्करोगानें गेली. आजोबा इतक्या तरुणपणीं गेले कीं त्यांना पाहिलेलें कोणी उरलेंच नव्हतें. डॉक्टर म्हणाले, "पेशींत नवी प्रत तयार झाली कीं तिच्यांतल्या चुका तपासायचं काम हें प्रथिन करतं." दादा क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे आमच्या घराण्यांत प्रूफ वाचणारा रजेवर आहे म्हणायचं!" डॉक्टर हंसले. पुढें दादाच्या रक्ताचीही तपासणी झाली आणि दोष जन्मापासूनचा, वंशपरंपरेचा असल्याचें ठरलें. त्या दिवशीं डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सख्खे भाऊ. तुमच्यांत हा दोष असण्याचा संभव निम्मा आहे. रक्त तपासून घ्या."

या तपासणीला चमचाभर रक्त पुरतें. तेवढें देण्यास आम्हांला आठ महिने लागले. प्रथम मुलीची परीक्षा होती. मग पावसाळा होता. मग 'सध्यां प्रकृति ठीक आहे' हें कारण होतें. खरें कारण भय हें होतें, आणि तें आम्ही स्वतःपाशींही उच्चारीत नव्हतों. दादानें एकदां विचारलें, "काय रे, दिलंस का रक्त?" आम्हीं उत्तर दिलें, "जरा वाचून घेतों आधीं." भित्रा सुशिक्षित मनुष्य नेहमीं असेंच करतो, जें करावयाचें तें टाळून त्याविषयींचीं पुस्तकें जमवितो. परंतु या खेपेस वाचनानें आम्हांला पळवाट दाखविण्याऐवजीं धरून दारांत आणून उभें केलें. तें कसें, हेंच येथें सांगावयाचें आहे.

डी.एन.ए. हें नांव आतां शाळेंतील मुलांनाही परिचयाचें आहे. १९५३ सालीं वॉटसन व क्रिक यांनीं त्याची रचना प्रसिद्ध केली: एकमेकांभोंवतीं वळलेले दोन धागे, आणि त्यांवर चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन व थायमिन हीं तीं चार अक्षरें. एका धाग्यावर जेथें ॲडेनिन तेथें समोरच्या धाग्यावर थायमिन. जेथें ग्वानिन तेथें सायटोसिन. मनुष्याच्या एका पेशींत अशा सुमारें सहा अब्ज जोड्या असतात, आणि सगळा धागा उलगडून सरळ केला तर दोन मीटरांच्या आसपास भरेल. हा ग्रंथ पिढ्यान् पिढ्या टिकतो, त्या अर्थीं त्याचें द्रव्यच मोठें चिवट असलें पाहिजे, अशी पुष्कळ दिवस विद्वानांची समजूत होती. ताम्रपट टिकतो तो तांब्याच्या गुणानें, तसेंच हें. दुरुस्ती करणारे कोणी असतील हें पहिल्यानें आपल्या ध्यानींच आलें नव्हतें, असें स्वतः क्रिक यांनीं १९७४ सालीं मोकळेपणानें लिहिलें आहे.

या समजुतीला मुळापासून धक्का दिला तो टोमास लिंडाल या स्वीडिश शास्त्रज्ञानें. अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें असतांना ते आर.एन.ए. या डी.एन.ए.च्या भावंडावर प्रयोग करीत होते. तें द्रव्य तापविलें कीं झपाट्यानें नासे. भावंड जर इतकें नाजुक, तर डी.एन.ए. तरी जन्मभर कसें टिकत असेल, ही शंका त्यांच्या मनांत राहून गेली. पुढें स्वीडनमध्यें परत आल्यावर त्यांनीं तिचा माग काढला. त्यांना असें आढळलें कीं या ग्रंथाची नासाडी होण्यास विष नको कीं किरण नकोत. शरीराच्या उष्णतेचें साधें पाणी पुरे. अक्षर आणि त्याला धाग्याशीं जोडणारी साखर यांमधला बंध पाण्याच्या आघातानें तुटतो, आणि ॲडेनिन किंवा ग्वानिन गळून पडतें. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मापनांवरून, एका पेशींत एका दिवसांत अशीं सुमारें दहा हजार अक्षरें गळतात. ज्या पाण्यावांचून जीव जगत नाहीं तेंच पाणी त्याचा ग्रंथ रात्रंदिवस धुवून काढीत असतें! प्राणवायूची गोष्टही तशीच. त्याच्यापासून निघणारीं तापट द्रव्यें ग्वानिनला जणूं गंज चढवितात, आणि असें गंजलेलें ग्वानिन सायटोसिनला सोडून ॲडेनिनशीं जोडी जमवूं लागतें.

हें वाचून आमची भीति वाढावयास हवी होती. उलट आम्हांला कांहींसें हायसें वाटलें. आमच्या घराण्यावर कसला तरी कोप झाला आहे, आमचेंच रक्त तेवढें नासकें आहे, अशी एक अंधुक लाज दादाच्या आजारापासून आमच्या मनांत घर करून होती. आतां कळलें कीं राजा असो वा रंक, प्रत्येकाच्या पेशींतलें पुस्तक रोज हजारों ठिकाणीं फाटत असतें. तें टिकतें ताम्रपटासारखें नव्हे. रोज फाटतें आणि रोज शिवलें जातें म्हणून टिकतें. आमच्या आईचीं लुगडीं तशीं टिकत. कापड कांहीं विशेष नसे. पण रफू केल्यावांचून लुगडें घडी करून ठेवणें तिला ठाऊक नव्हतें.

या शिवणकामांतील एक युक्ति आम्हांला इतकी आवडली आहे कीं ती सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. सायटोसिन या अक्षराच्या अंगावर नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा एक लहानसा गट असतो. पाण्याच्या संगतींत तो कधीं कधीं सुटतो आणि त्याच्या जागीं ऑक्सिजन येऊन बसतो. एका पेशींत दिवसाला शंभराहून अधिक वेळां हें घडतें. असें झालें म्हणजे सायटोसिन हें सायटोसिन राहत नाहीं. तें युरॅसिल होतें. आतां गंमत अशी कीं आर.एन.ए.च्या वर्णमालेंत युरॅसिल हें एक रीतसर अक्षर आहे. डी.एन.ए.नें मात्र त्याच्या जागीं थायमिन घेतलें. थायमिन म्हणजे तरी काय? कपाळाला टिकली लावलेलें युरॅसिल! एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढीच ती टिकली. जोडी जमविण्याच्या कामीं तिचा उपयोग नाहीं, आणि ती लावण्यास पेशीला शक्ति खर्च करावी लागते. मग हा थाट कशासाठीं? समजा, डी.एन.ए.ंतही साधेंच युरॅसिल चालत असतें. मग तपासणाऱ्याला एखाद्या जागीं युरॅसिल दिसल्यावर तें मूळचें कीं सायटोसिन बिघडून झालेलें, हें त्यानें ओळखावें कसें? टिकलीमुळें हा घोळ मिटला. टिकली नसलेलें युरॅसिल डी.एन.ए.ंत दिसलें कीं तें उपरें, हें निश्चित. असें उपरें युरॅसिल हुडकून तेवढेंच उपटून टाकणारें एन्झाइम लिंडाल यांनीं १९७४ सालीं जगापुढें ठेवलें. 'मूळ कोणतें?' हा वडिलांचा प्रश्न निसर्गानें वर्णमाला ठरवितांनाच सोडवून ठेवलेला पाहून आम्हीं पुस्तक मिटलें आणि बराच वेळ ओटीची आठवण काढीत बसलों.

उपटल्यानंतरचें कामही पाहण्यासारखें आहे. चुकीचें अक्षर निघालें म्हणजे धाग्यावर रिकामी जागा राहते. दुसरें एन्झाइम येऊन तेथें धागा कापतें. तिसरें समोरच्या धाग्यावरचें अक्षर पाहून त्याचा खरा जोडीदार आणून बसवितें. चौथें टोकें सांधून देतें. खिळे जुळविणारा चिमट्यानें चुकीचा खिळा काढून दुसरा घालतो, त्याहून हें निराळें नाहीं. हें सर्व शक्य होतें तें मजकूर दोन धाग्यांवर आहे म्हणून. एक धागा बिघडला तरी दुसरा त्याची साक्ष देतो.

परंतु निसर्गाची युक्तिही सर्वत्र चालत नाहीं. कित्येक जागीं पेशी कांहीं कारणासाठीं सायटोसिनलाच टिकली लावून ठेवते. असें सायटोसिन बिघडलें कीं त्याचें युरॅसिल न होतां एकदम थायमिन होतें. म्हणजे चूक आहे, पण तिचा वेष वर्णमालेंतल्या खऱ्या अक्षराचा! अशा जागा दुरुस्त करणारींही एन्झाइमें आहेत, पण तीं कमी पडतात, आणि मनुष्याच्या ग्रंथांत एकाक्षरी बदल सर्वांत अधिक याच जागीं आढळतात. 'स्मरण' याचें 'म्सरण' झालें तर पोरही चूक दाखवील. 'मरण' झालें तर ती पांच वाचकांच्या हातून निसटते. जी चूक चुकीसारखी दिसत नाहीं तीच टिकते, हा अनुभव छापखान्याबाहेरही सर्वांना असेल.

सूर्याचा प्रताप आणखी निराळा. उन्हांतील अतिनील किरणांनीं शेजारशेजारचीं दोन थायमिनें एकमेकांना घट्ट चिकटतात, आणि त्या जागीं वाचन अडतें. १९४९ सालीं अल्बर्ट केल्नर यांना असें दिसलें कीं अतिनील किरणांनीं मरणपंथास लागलेले जंतु साध्या उजेडांत ठेवले तर पुन्हां सांवरतात. उजेडाचीच शक्ति घेऊन तीं चिकटलेलीं अक्षरें सोडविणारें एन्झाइम त्यांच्यापाशीं असतें. त्याचा छडा लावण्यांत अझीझ सँकार यांचा मोठा वांटा आहे. हे तुर्कस्थानांतील खेड्यांत वैद्यकी केलेले गृहस्थ अमेरिकेंत गेले आणि १९७६ सालीं त्यांनीं या एन्झाइमाचें जनुक वेगळें काढलें. तरीही पुढील संशोधनासाठीं केलेले त्यांचे तीन अर्ज फेटाळले गेले, आणि येल येथें प्रयोगशाळेंतील साहाय्यक म्हणून त्यांना काम पत्करावें लागलें. तेथें त्यांनीं दुसरी तऱ्हा उलगडली: उजेडावांचून, बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना कापून तो तुकडाच काढून टाकण्याची. मनुष्यापाशीं हीच दुसरी तऱ्हा आहे. ती ज्या मुलांत जन्मतः बिघडलेली असते त्यांना ऊन सोसत नाहीं, आणि कोंवळ्या वयांत त्यांच्या त्वचेला कर्करोग होतात. हें कारण जेम्स क्लीव्हर यांनीं १९६८ सालीं दाखविलें. आणखी एका कामगाराचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. ग्वानिनला चिकटलेला एका जातीचा विषारी गट एक प्रथिन स्वतःच्या अंगावर ओढून घेतें. अक्षर शुद्ध होतें. प्रथिन कायमचें निकामी होतें. एका चुकीसाठीं एक प्रथिन, असा तो हिशेब आहे.

आतां आमच्या घरच्या प्रकरणाकडे येऊं. पेशी दुभंगण्यापूर्वीं सगळ्या ग्रंथाची नक्कल व्हावी लागते. नक्कल करणारें एन्झाइम सुमारें लाखांत एक अक्षर चुकवितें. बहुतेक चुका तें स्वतःच मागें वळून खोडतें, आणि प्रमाण कोटींत एकावर येतें. त्यानंतर दुसरा तपासनीस सबंध मजकुरावरून हात फिरवितो, तेव्हां अब्जांत एखादी चूक शिल्लक राहते. थोड्या तरी राहतात हेंही एका परीनें बरें. त्या राहिल्या नसत्या तर जंतूपासून मनुष्यापर्यंतची ही विविधता कोठून येती? हा दुसरा तपासनीस पॉल मॉड्रिच यांनीं आतड्यांत राहणाऱ्या एका साध्या जंतूंत अभ्यासिला. मॉड्रिच यांचे वडील जीवशास्त्राचे शिक्षक होते, आणि १९६३ सालीं त्यांनींच मुलाला या डी.एन.ए.चा अभ्यास करण्याविषयीं सुचविलें होतें. जोडी न जमलेलीं दोन अक्षरें समोरासमोर आलीं तर चुकीचें कोणतें? दोन्हीही वर्णमालेंतलींच. उत्तर असें सांपडलें कीं या जंतूच्या जुन्या धाग्यावर ठराविक जागीं टिकल्यांच्या खुणा असतात; नवा धागा कांहीं मिनिटें कोरा असतो. तपासनीस कोऱ्या धाग्यालाच हात घालतो. खूण असलेलें तें मूळ, खूण नसलेलें तें मुद्रित! १९८९ सालीं मॉड्रिच यांनीं हें सर्व काम परीक्षानळींत घडवून दाखविलें. मनुष्याच्या पेशींत या खुणा नाहींत. तेथें नव्या धाग्यांत राहिलेल्या तुटींवरून तो नवा असल्याचें ओळखलें जातें. पण नियम तोच. लिंडाल, मॉड्रिच व सँकार या तिघांना २०१५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

जंतूंतील जें प्रथिन न जमलेली जोडी हुडकतें, त्याचाच मनुष्यांतील भाऊबंद म्हणजे एम.एस.एच.-२. दादाच्या कागदावरचें तें नांव! त्याची कथा फार जुनी आहे. १८९५ सालीं अमेरिकेंतील ॲन आर्बर येथें ऑल्ड्रेड वॉर्थिन नांवाच्या प्राध्यापकांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली कीं आपण लवकरच आंतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या रोगानें मरणार, कारण आपल्या घरांत सर्व असेच जातात. पुढें ती खरोखरच तरुणपणीं गर्भाशयाच्या कर्करोगानें गेली. वॉर्थिन यांनीं तिच्या घराण्याची हकीकत गोळा करून १९१३ सालीं छापली. पण ती फारशी कोणी मनावर घेतली नाहीं. १९६२ सालीं हेन्री लिंच या तरुण डॉक्टरांपुढें मद्यपानानें खंगलेला एक मनुष्य आला. घरांतील सर्वांसारखे आपणही कर्करोगानें मरणार, म्हणून आपण पितों, असें त्यानें सांगितलें. लिंच यांनीं त्याचें घराणें धुंडाळलें, आणि पुढें अनेक वर्षें हा रोग रक्तांतून उतरूं शकतो हें लोकांना पटवून देण्यांत घालविलीं. १९९३ सालीं एम.एस.एच.-२चें जनुक सांपडलें आणि कोडें सुटलें. २००० सालीं त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराण्यांतही दोष त्याच जनुकांत निघाला. तेव्हां तिला जाऊन पुष्कळ वर्षें झालीं होतीं. तिचें बोलणें आम्हीं दोनदां वाचलें. आमच्या आत्येनेंही एकदां असेंच कांहीं म्हटलें होतें, आणि घरांतील सर्वांनीं तिला अभद्र बोलूं नको म्हणून गप्प केलें होतें.

इतकें वाचून झाल्यावर एक प्रश्न उरला, आणि त्याच्या उत्तरानेंच आमचे आठ महिने संपले. हा दोष जर जन्मापासून प्रत्येक पेशींत आहे, तर दादा अठ्ठावन्न वर्षें धडधाकट राहिला कसा? उत्तर सरळ आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्यापाशीं दोन प्रती असतात, एक वडिलांकडून आलेली, एक आईकडून. वडिलांची प्रत सदोष असली तरी आईची चांगली असते, आणि तेवढ्यावर तपासणीचें सर्व काम चालतें. आंतड्याच्या कोट्यवधि पेशींपैकीं एखादींत केव्हां तरी ती दुसरी प्रतही बिघडते. मग त्या एका पेशीच्या वंशांत चुका सांचूं लागतात. एकच अक्षर किंवा अक्षरांची तीच तीच जोडी पुन्हां पुन्हां आलेल्या जागीं तर विशेषच. नकलनविसाचीही अशाच जागीं ओळ चुकते. अशा गांठींतील पेशी चुकांमुळें इतक्या परक्या दिसूं लागतात कीं शरीराच्या पहारेकऱ्यांना त्या ओळखतां येतात. त्या पहारेकऱ्यांचा हात मोकळा करणारें एक औषध अशा जातीच्या कर्करोगांसाठीं अमेरिकेंत २०१७ सालीं मान्य झालें. दादाला त्याची गरज लागली नाहीं.

म्हणजे दादाच्या पेशी इतकीं वर्षें आईच्या प्रतीवर चालल्या होत्या. हें ध्यानांत आलें त्या रात्रीं आम्हांला आमच्या भयाची लाज वाटली. रक्त न दिल्यानें आम्ही निर्दोष ठरणार नव्हतों. शुद्धिपत्र छापलें नाहीं म्हणून चुका नाहींशा होत नाहींत, हें सांगत आम्ही जन्मभर इतरांच्या पुस्तकांना नांवें ठेवीत आलों, आणि स्वतःचें पान मात्र उलटण्यास तयार नव्हतों. शिवाय आमच्यांत दोष असेल तर तो मुलींतही असण्याचा संभव निम्मा. तिला काय सांगावयाचें? 'पोटाचा विकार' म्हणून?

दुसऱ्या दिवशीं आम्हीं रक्त दिलें. महिन्यानें उत्तर आलें. दादाच्या ग्रंथांत ज्या जागीं जें अक्षर चुकलें आहे, त्याच जागीं आमच्याही चुकलें आहे. त्यानंतर आंतड्याची दुर्बिणीनें तपासणी झाली. वाटाण्याएवढी एक गांठ निघाली. ती तेथल्या तेथें काढली आणि निरुपद्रवी ठरली. आतां ही तपासणी ठराविक मुदतीनें जन्मभर करून घ्यावयाची आहे. पेशींतला तपासनीस जेथें चुकेल तेथें बाहेरचा तपासनीस दिवा घेऊन जाणार, असा हा करार आहे. वडिलांच्या वेळीं असा दिवा कोणी त्यांच्यासाठीं लावला नाहीं, ही खंत राहते. पण ती कोणाला दोष देण्यासारखी नाहीं. मुलगी बावीस वर्षांची आहे. तिला सर्व सांगितलें. ती म्हणाली, "मला थोडा वेळ द्या, बाबा." आम्हीं आठ महिने घेतले होते, तिला घाई करण्याचा आम्हांला अधिकार नाहीं. मात्र तिला वाचावयास काय द्यावें हें आतां आम्हांला ठाऊक आहे.

आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिच्यापासून हें लपवावें असें दादाचें म्हणणें होतें, पण ती खोलींत आली तेव्हां आम्ही दोघेही कागद पुढें घेऊन बसलों होतों, आणि तिनें सरळ विचारलें, "सांपडलं का कांहीं?" मग तिला समजेल अशा रीतीनें सांगितलें कीं चूक आहे ती वडिलांकडची, आणि आजवर आम्हांला तारलें तें तिच्याकडून आलेल्या चांगल्या प्रतीनें. तिनें लक्षपूर्वक ऐकून घेतलें. जरा वेळानें म्हणाली, "मग बरंच झालं कीं. आमच्या माहेरचं एक तरी या घरांत उपयोगीं पडलं म्हणायचं!" दादा इतका हंसला कीं त्याला पोटावरच्या जुन्या टांक्यांवर हात ठेवावा लागला. या वेळीं आम्हीही हंसलों. आई मात्र वडिलांच्या तसबिरीकडे एकदां पाहून आपल्या कामाला निघून गेली.